नव्वदच्या आत

माझ्या हाताने सात नंबरची काठी उचलली. मी उचलली असे म्हणणार नाही, कारण मी तेव्हा ओढ्याकडे बघत होतो, आणि अकरा वर्षांच्या सवयीप्रमाणे हात पिशवीतल्या सगळ्यात लांब काठीकडे, ड्रायव्हरकडे जायला हवा होता. पहिल्याच होलला दीडशे पावलांवर ओढा आडवा येतो. ड्रायव्हर नीट बसला तर चेंडू ओढ्यावरून जातो, नाही बसला तर पाण्यात. सात नंबरने तो अलीकडेच पडतो, शहाण्या बाळासारखा. अकरा वर्षांत मी एकदाही अलीकडे मारले नव्हते. दहातून सात वेळा चेंडू ओढ्यात गेला असेल, पण गेला तो माझ्या हिमतीने गेला. आणि आज हा हात मला न विचारता, परस्पर ठरवून मोकळा झाला. मी काठी परत ठेवू शकलो असतो. पण मागे रामप्रसाद उभा होता, त्याने पाहिले होते, आणि परत ठेवली असती तर मी घुटमळतो आहे हे त्याला कळले असते. म्हणून मारली. चेंडू ओढ्याच्या वीस पावले अलीकडे, मुरमाच्या सपाट पट्ट्यावर जाऊन बसला. ‘‘बराबर,’’ रामप्रसाद म्हणाला. एवढेच. मला त्याच्या तोंडात तोच मुरूम कोंबावासा वाटला.

हिंगोली जिल्ह्यात गोल्फ खेळतात असे सांगितले की नांदेडचे वकीलसुद्धा हसतात, मग पुण्याच्यांचे काय घेऊन बसलात. हसू द्या. आखाडा बाळापूरच्या अलीकडे, कालव्याच्या वसाहतीमागे पाटबंधारे खात्याची तीस एकर माळजमीन पडून होती, आणि तिथे एका हौशी इंजिनिअरने बदली होऊन जाता जाता नऊ होल आखून ठेवले. तो गेला आणि क्लब मी उभा केला. मी, डॉक्टर नरसिंग, कृषी केंद्रवाले दोघे-तिघे, बाळापूरचे एक बँक मॅनेजर. गवत म्हणाल तर पावसाळ्यातले कुसळी. खड्ड्याभोवती हिरवळ नसते, वाळूत जळके तेल कालवून थापलेला काळपट गोल असतो, त्याला ब्राऊन म्हणायचे. नऊच होल असल्याने तेच दोनदा खेळायचे, म्हणजे अठरा. प्रत्येक होल नावाला चार फटक्यांचा. आमच्यासारख्याला पाच लागतात, सहा लागतात, ओढ्याने मनावर घेतले तर आठ लागतात. पाच अठरे नव्वद. हा नव्वदचा आकडा आमच्यात लक्ष्मणरेषेसारखा होता. नव्वदच्या आत जो आला त्याचे नाव पत्र्याच्या शेडमधल्या फळ्यावर पांढऱ्या रंगाने लिहिले जाई. सहा नावे होती. क्लब उभा करणाऱ्याचे त्यात नाव नव्हते. ब्याण्णव, त्र्याण्णव, एकदा नव्वद पूर्ण, आणि बाकी अकरा वर्षे शंभराच्या आसपासचा चिखल. आणि आता जमिनीचा करार संपला होता, सोमवारपासून तिथे सोलरच्या पट्ट्या बसवायला माणसे येणार होती, आणि हा रविवार होता. हात बहुधा ते ऐकून होता. मी नव्हतो, किंवा नसल्यासारखे दाखवत होतो.

रामप्रसादचे नाव फळ्यावर कधीच लागून गेले होते. फळ्यावर नाव एकदाच लिहितात म्हणून, नाही तर दर रविवारी लिहावे लागले असते. अठ्ठ्याऐंशी, एकोणनव्वद, अठ्ठ्याऐंशी, सत्त्याऐंशी. घड्याळाचा काटा बरा, तो निदान कधी बंद तरी पडतो. रामप्रसाद खात्यात कालवा निरीक्षक होता, आता निवृत्त. जमीन खात्याची, म्हणून करारातच लिहिलेले होते की खात्याचा एक माणूस सभासद असेल, आणि तो हा. औंढ्याकडच्या एका तांड्यावरचा. पायात प्लास्टिकचे बूट, गळ्यात पंचा, आणि पिशवीत मोजून पाच काठ्या, त्यातली एक वेल्डिंग केलेली. त्याचा खेळ म्हणजे खेळ नव्हेच, ती पाण्याची पाळी होती. सात नंबर, मध्ये. पुन्हा सात नंबर, मध्ये. मग ब्राऊनच्या दहा पावले अलीकडून हळूच ढकललेला तिसरा फटका, खड्ड्यापासून हातभर. चौथा, नाही तर पाचवा, आत. कधी ओढ्यात नाही, कधी बाभळीत नाही, कधी शेजारच्या जळबाच्या हळदीच्या रानात नाही. त्याला ड्रायव्हर मारताना पाहिल्याचे कोणाला आठवत नाही. मी एकदा विचारलेही होते, ‘‘रामप्रसाद, तुम्हाला कधी वाटत नाही का, की एकदा व्हायचं ते होवो, ओढ्यावरून मारावी?’’ तो पंच्याने तोंड पुसत म्हणाला, ‘‘काहून मारावं साहेब? वढा काही पळून न्हाई जाऊन राहिला. आपण पुलावरून जावं.’’ जो माणूस ताकही फुंकून पितो त्याच्याशी काय बोलणार? असल्या माणसांनीच हा देश चालवला आहे आणि असल्या माणसांनीच तो असा ठेवला आहे, असे मी त्या दिवशी घरी येऊन नीताला सांगितले. नीता माझी बायको, तिला गोल्फमधले ओ की ठो कळत नाही. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, ‘‘पण ते जिंकतेत न्हवं?’’

दुसरा होल, पाच. तिसरा, पाच. सात नंबर पुन्हा पुन्हा हातात येत होती आणि मी तिला येऊ देत होतो. एकदा पाय घसरला की माणूस निवांत खालीच बसतो, तसे झाले होते. वाऱ्यावर शिजणाऱ्या हळदीचा वास येत होता. जळबाच्या रानात हळदीचा कुकर लावला होता आणि वाफ माळावर अंगाला चिकटत होती. हा वास आला की मला आमचे गाव डोंगरकडा दिसते, आमचा मळा, आणि माझे वडील दगडोबा, धोतराचा सोगा हातात धरून वाफेत उभे. त्यांना सगळे भीत. मी नाही. एकोणिसाव्या वर्षी मी त्यांची जीप कयाधूच्या पुरात घातली होती. काठावर माणसे ओरडत होती, घालू नको, घालू नको. मी घातली. मध्यात इंजिन बंद पडले, पाणी दारातून आत आले, आणि मी जीपच्या टपावर बसून सिगारेट ओढली, तासभर, वडिलांनी ट्रॅक्टर पाठवून ओढून काढेपर्यंत. आजही ती गोष्ट डोंगरकड्यात सांगतात. कॉलेजात दुसऱ्या वर्षी परीक्षेला न बसता मी नाटकाच्या मागे औरंगाबादेत वर्ष घालवले. सगळे म्हणाले वाया गेला. वर्ष संपल्यावर परत आलो, वडिलांनी फी भरली, बसलो. बार असोसिएशनच्या निवडणुकीत जुन्या अध्यक्षांविरुद्ध कोणी उभे राहायला तयार नव्हते तेव्हा मी अर्ज भरला, आणि समोरच्याने भिडेखातर मागे घेतला. मी कधी अलीकडे मारलेले नाही. माणसाने आयुष्यात एकदा तरी ओढ्यावरून मारावे असे मी ज्युनिअर वकिलांना सांगत आलो आहे, आणि ते माना डोलावतात, आणि मागे काय म्हणतात ते मला माहीत नाही. आणि आता अठ्ठावन्नाव्या वर्षी मी एका कालवा निरीक्षकाच्या चालीने चालत होतो. त्याने पंचा झटकला की मलाही घाम पुसावासा वाटे. किळस येत होती, ती त्याची की माझी हे वेगळे काढता येत नव्हते.

नऊ होल झाले तेव्हा पंचेचाळीस. डॉक्टर नरसिंग तिसरे भिडू, दातांचे डॉक्टर. स्वतः नऊ होलांतच साठ फटक्यांच्या वर जाऊन बसले होते आणि आता फक्त बडबडीसाठी चालत होते. त्यांनी माझा आकडा ऐकला आणि शीळ घातली. ‘‘वकीलसाहेब, आज क्या बात है! आज फळ्यावर नाव चढवूनच सोडता तुमी.’’ मी म्हणालो, ‘‘अजून नऊ आहेत.’’ आवाज अगदी साधा काढला. पण आतून सुख वाटले होते आणि ते मला मुळीच आवडले नाही. तिरस्कार वाटणाऱ्या गोष्टीत सुख लागले की माणूस फार क्षुद्र दिसतो, स्वतःलाच. मी शेडच्या नळावर पाणी प्यायलो आणि मनात म्हटले, आता पुरे, दुसऱ्या फेरीत पहिल्या होलला ड्रायव्हर. ओढ्यापाशी आलो. हात सात नंबरवर गेला. मी त्याला अडवले नाही. रामप्रसाद म्हणाला, ‘‘आता हितं लई जण बिघडतेत साहेब. पंचेचाळीस झाले की माणसाला वाटतं, आपुन कोणीतरी हाव. तुमी तसं काही मनात आणू नका. फकस्त मधी ठिवा.’’ मला सल्ला देत होता. ज्याने कालव्याच्या दारापाशी उभे राहून काठीने पाणी मोजण्यात नोकरी घालवली तो मला सांगत होता की मी कोणीतरी आहे असे मनात आणू नये. मध्ये ठेवली.

आमच्या क्लबात एक रीत आहे, ती बाहेरच्याला सांगायला हवी. चेंडू खड्ड्याच्या अगदी जवळ येऊन थांबला की बाकीचे म्हणतात, ‘‘दिली!’’ म्हणजे हा फटका गेलाच असे धरले, एक मोजा आणि चेंडू उचला. मोठ्या क्लबात हे दोघांच्या लढतीत चालते म्हणे, आकड्याच्या खेळात नाही. आमच्याकडे पहिल्यापासून सगळ्यात चालत आले. सुरुवातीला वीतभर अंतराला देत. मग हातभर झाले. मग काठीभर. तेलाच्या वाळूवर चेंडू वेडावाकडा पळतो, काठीभरावरून दहातून चार हुकतात, पण चार मित्रांत कोण कोणाचा हिशेब करणार? मी डॉक्टरांना देतो, डॉक्टर मला देतात, मॅनेजर सगळ्यांना देतात. त्या सकाळी मला तोपर्यंत पाच-सहा मिळाल्या असतील. मी मोजल्या नाहीत, कोणीच मोजत नाही. एकटा रामप्रसाद सगळ्या आत घालत बसे. वीतभर असली तरी. आम्ही पुढच्या होलकडे निघालेलो असायचो, आणि हा मागे ओणवा होऊन, खडा बाजूला करून, दोनदा डोळा लावून, टक् करून आत घालणार, मग चेंडू काढून पंच्याला पुसणार. अकरा वर्षे आम्ही त्याच्यासाठी थांबत आलो. डॉक्टर त्याला ‘सुवर्णकार’ म्हणत. मी त्याला त्याच्या स्वभावाचाच भाग धरत होतो. ज्याला ओढ्यावरून मारवत नाही त्याला चेंडू तसाच उचलवतही नाही, कंजूस माणूस सगळीकडे कंजूस.

सतरा होल झाले आणि पंच्याऐंशी झाले. सतरा वेळा पाच. एवढ्या कंटाळवाण्या रीतीने मी आयुष्यात काही केलेले नव्हते. नीता म्हणते, तुम्ही कधी हरलेले मी पाहिले नाही, तुम्ही नेहमी थोडक्यात हुकता. ती हे हसत म्हणते, आणि तेवीस वर्षे म्हणत आली आहे. ते मला शेवटच्या होलच्या डोक्यावर उभे राहिल्यावर आठवले. पाच लागले तर नव्वद, म्हणजे थोडक्यात. चार लागले तर एकोणनव्वद. माळावर ऊन चढले होते, कालव्याच्या कडेने एक बाई शेळ्या घेऊन चालली होती. मला हे हवे होते. किती हवे होते ते कळून मला स्वतःची शरम वाटली. मोठमोठे खटले मी याहून थंड डोक्याने हरलो आहे. चार हवे म्हणजे आता तरी ड्रायव्हर, कोणीही हेच म्हणेल. रामप्रसाद म्हणाला, ‘‘चार पाहिजेत म्हणून जोर नका लावू साहेब. दोन फटके मधी. तिसरा खड्ड्यापाशी. चार आपोआप व्हतेत.’’ मी त्याच्याकडे बघितले. त्याच्या चेहऱ्यावर माझ्याविषयी काहीही नव्हते, ना हेवा ना आनंद, नुसती काळजी होती, पाणी शेवटच्या शेतापर्यंत पोचते की नाही अशी. मी सात नंबर काढली. एक, मध्ये. दोन, ब्राऊनच्या पंधरा पावले अलीकडे. तिसरा फटका मारताना मी डोळे मिटले असावेत, कारण चेंडू पडताना मला दिसला नाही, तेलकट वाळूवर रेघ ओढत थांबताना दिसला. खड्ड्यापासून काठीभर, आणि वर एक वीत.

‘‘दिली!’’ डॉक्टर ओरडले. ‘‘दिली दिली, उचला वकीलसाहेब! एकोणनव्वद!’’

ते पुरते म्हणायच्या आत मी वाकून चेंडू उचलला होता. डॉक्टरांनी मला मिठी मारली. त्यांच्या अंगाला लवंगेच्या तेलाचा वास येत होता. फळ्याला रंग आहे की वाळला, शेडची किल्ली कोणाकडे, फोटो काढू, नीतावहिनींना पाठवू, असे ते एका दमात बोलत होते, आणि मी हसत होतो, खरोखर हसत होतो, आणि सगळा माळ, सगळी कुसळे, कालव्यावरची ती बाईसुद्धा मला आपली वाटत होती. मागे रामप्रसाद ओणवा झाला होता. त्याचा चेंडू खड्ड्यापासून वीतभरावर होता आणि तो नेहमीसारखा खडा बाजूला करत होता. अशा वेळी माणूस उदार होतो. मी म्हणालो, ‘‘अहो दिली, रामप्रसाद! दिली. उचला आता.’’

तो तसाच ओणवा राहिला. मग मान वर करून माझ्याकडे बघू लागला, आणि त्याच्या तोंडावर हसू आले, जरा लाजल्यासारखे.

‘‘पहिल्यांदा म्हणून राहिले साहेब,’’ तो म्हणाला.

‘‘काय पहिल्यांदा?’’

‘‘दिली म्हणून. अकरा वर्षांत.’’

‘‘तुमी घेतच नव्हते ना पण,’’ मी म्हणालो. ‘‘तुमी तर सगळ्या आत घालता.’’

‘‘कोणी म्हणलंच न्हाई तर घ्यावं कसं? मागून थोडीच घेतेत?’’ त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. रस्ता विचारणाऱ्याला सांगावे तसे तो सांगत होता. ‘‘सुरुवातीला मी बी लांबलांब मारायचो साहेब, तुमच्यावानी. नवा होतो तवा. पन मंग हातभर ऱ्हायलेली हुकायची, आन माझे सात व्हायचे, आठ व्हायचे. तुमच्या तितूनच पाच व्हायचे. मंग इचार केला, आपल्याला कोणी देणार न्हाई, आपुन जवळच ठिवावी. वढ्याच्या नादी लागू ने. तवापासून शिकलो हे.’’ आणि मग, मी काही वाईट मनात आणू नये म्हणून असेल, तो म्हणाला, ‘‘त्यानं फायदाच झाला म्हणा.’’

तो पुन्हा ओणवा झाला, दोनदा डोळा लावला, आणि टक् करून चेंडू आत घातला. मी दिलेली त्याने घेतली नाही. वाकून चेंडू काढला, पंच्याला पुसला.

डॉक्टर फोनवर कोणाशी तरी बोलत होते, त्यांनी यातले काही ऐकले नव्हते. मी आठवू लागलो. एखादा तरी रविवार. अकरा वर्षे, वर्षाला चाळीस तरी रविवार, दर रविवारी अठरा ब्राऊन, आणि या माणसाला एकदा तरी मी म्हटले असेल, दिली, उचला. वकिलाची स्मृती चांगली असते, मी पंधरा वर्षांपूर्वीच्या साक्षी तोंडपाठ सांगतो. एकही आठवेना. आम्ही ठरवून केले नव्हते. कोणी कोणाच्या कानात सांगितले नव्हते की याला देऊ नका. ठरवून केले असते तर निदान लक्षात तरी राहिले असते. आम्ही फक्त पुढच्या होलकडे निघायचो, आणि तो मागे राहायचा, आणि आम्ही त्याला हसायचो. मला लाज वाटली. तापलेल्या पत्र्यावर हात पडावा तशी ती अंगभर गेली. ज्या चालीची मी अकरा वर्षे टर उडवली, जी आज सकाळपासून नाक मुरडत उसनी घेतली, ती माझ्यासारख्यांनीच त्याला शिकवली होती. आणि माझी हिंमत? ओढ्यात गेलेल्या चेंडूंमागून मला दर वेळी काठीकाठीभर कोण देत आले होते?

रामप्रसादने खिशातून आकड्यांचे कार्ड काढले. आमच्यात एकाने दुसऱ्याचे लिहायचे असते, आणि त्या दिवशी माझे त्याच्याकडे होते. पेन्सिलीचे टोक त्याने जिभेला लावले. माझा चेंडू माझ्या मुठीत होता, तेलाने बरबटलेला. तो जिथे थांबला होता तिथे वाळूत वाटाण्याएवढा खळगा स्पष्ट दिसत होता, तेलाच्या वाळूत खूण लवकर बुजत नाही. चार पावले चालून मला तो तिथे परत ठेवता आला असता. आमच्यासाठी थांबायची रामप्रसादला सवय नव्हती, पण तो नक्की थांबला असता. काठीभर आणि एक वीत. दहातून चार हुकतात. माझा हात जरा हलला, आणि मला वाटले आता हा सकाळसारखाच मला न विचारता काहीतरी करील. मी वाट पाहिली. हाताने मूठ आणखी घट्ट केली.

‘‘किती लिवू साहेब?’’ रामप्रसादने विचारले. त्याला माहीत होते. त्याने सगळे पाहिले होते, तरी विचारले, आणि नजर कार्डावरच ठेवली.

‘‘एकोणनव्वद,’’ मी म्हणालो.

त्याने लिहिले.